मडगावजवळचं कबरीच्या लाद्या करणारं दुकान, आणि आमच्या लादीवर काय लिहायचं यावरून घरात झालेलं भांडण

पाचपैकी पाच स्टार. पण नुसते स्टार देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय, कारण असलं काम करून घ्यायची वेळ येते तेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं आणि ऑनलाइन शोधायला जावं तर किचनच्या ओट्याचे ग्रॅनाइटवालेच पुढे येतात.

मडगावहून कुंकळ्ळीकडे जाताना रस्त्याला लागूनच पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, मालक वयस्कर आहेत आणि सगळे त्यांना अंकलच म्हणतात. माझा भाऊ आणि वहिनी एकाच स्कूटरवर होते, वेर्ण्याला हायवेवर रात्री मागून कारने उडवलं, दोघंही गेले, कार चालवणारा प्यायलेला होता असं पोलिसांच्या कागदात आहे. केस चालू आहे म्हणून त्यापुढे काही लिहीत नाही.

आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे कॅथलिक, घरात मालवणी आणि शाळा सगळी मराठीत, त्यामुळे लादी मराठीतच हवी होती. इथल्या सिमितेरीत (दफनभूमीत) फिरून बघा, जास्त करून इंग्लिश नाहीतर रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, जुन्या लाद्या पोर्तुगीज, देवनागरी शोधावी लागते. आधी ज्या एका दुकानात गेलो होतो त्यांनी कॉम्प्युटरवर डिझाइन काढून दाखवलं त्यात जोडाक्षरं सगळी फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर, आणि वर म्हणे कोण एवढं बघतंय. आम्ही बघतो ना, आयुष्यभर आम्हीच बघणार आहोत.

अंकलनी आईला खुर्ची दिली आणि तिच्याकडूनच दोघांची नावं कागदावर लिहून घेतली, मग ट्रेसिंग पेपरवर मोठी अक्षरं काढून प्रत्येक मात्रा तिला बोट लावून विचारली, ही अशीच ना, हा र असाच ना. नंतर कार्बन घालून ते दगडावर उतरवलं आणि छिन्नीने कोरलं. दगड काळा ग्रॅनाइट घ्या असं त्यांनीच सांगितलं, पांढरा संगमरवर दिसतो छान पण गोव्याच्या पावसात दोनचार वर्षांत शेवाळ धरतो आणि अक्षरातला रंग जातो. आणि सगळ्यात आधी विचारलं की कबर कायमची की तात्पुरती, कारण इथे बऱ्याच पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) जागा कमी म्हणून काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, तेव्हा मोठी लादी तिथे बसत नाही. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

आता मजकूर. आईला प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ हवी होती, आम्ही जशी अपराध्यांना क्षमा करतो ती. मला हवं होतं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने यांना मारलं, असं सरळ. दुकानातच आमची जुंपली, रडारड झाली, मागे मशीन चालू होतं ते त्यांनी पोराला बंद करायला लावलं.

माझ्या रागाला कारण होतं. कार चालवणाऱ्या त्या मुलाच्या घरच्यांनी मध्यस्थ पाठवला होता, म्हणे तुम्ही क्रिस्तांव माणसं, तुमच्यात माफ करतात ना, मग ताणता कशाला, केस मिटवूया. आणि त्याच आठवड्यात कोर्टात त्यांचं म्हणणं काय तर आमची काही चूकच नाही, ब्रेक लागला नाही. अरे मग माफी कसली मागताय? आमच्यात कुमसाराला (पाद्रीकडे पापाची कबुली द्यायला) गेलं तरी आधी पाप स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, पश्चात्ताप लागतो, झालेलं नुकसान भरून द्यायची तयारी लागते, मग पाद्री क्षमा देतो. बायबलमधला जकातदार जक्कय तर फसवलेल्यांना चौपट परत देतो म्हणाला होता. आणि सत्तर वेळा सात क्षमा करायची ते बायबलमधल्या ज्या मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे ना, त्याच अध्यायात थोडं आधी आहे की भावाने अपराध केला तर जाऊन त्याची चूक त्याला दाखव, ऐकलं नाही तर साक्षीदार घेऊन जा, तरी नाही तर मंडळीपुढे सांग. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना फक्त सत्तर वेळा सात पाठ असतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरात मयत झाल्यावर.

नातेवाईकांनी पण हेच चालवलं होतं, ग्लॅडिस स्टेन्सचं उदाहरण दे दे दिलं. हो, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला तिचा नवरा ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन लहान पोरं गाडीत जिवंत जाळली आणि तिने क्षमा केली. तिच्यापुढे मी हात जोडते. पण म्हणून त्यातला मुख्य आरोपी दारा सिंग सुटला का? नाही, खटला चालला, फाशी झाली, हायकोर्टाने ती जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच कायम ठेवली. सिस्टर राणी मारिया, १९९५ मध्ये इंदूरकडे बसमध्ये भोसकून मारलं, तिच्या सख्ख्या बहिणीने २००२ मध्ये मारेकऱ्याला राखी बांधली, पण बांधली कुठे, तर तो जेलमध्ये शिक्षा भोगत होता तिथे जाऊन, आणि त्यालाही केल्याचा पस्तावा झाला होता. पोप जॉन पॉल दुसरे १९८३ मध्ये स्वतःवर गोळ्या झाडणाऱ्याला जेलमध्ये जाऊन भेटले, आणि तो माणूस इटलीच्या जेलमध्ये २००० पर्यंत होता. म्हणजे क्षमा त्यांनी मनापासून केली, कोर्टाचं काम कोर्टाने केलं. आमच्यावरच एवढी घाई का?

आणि केस 'मागे घेणं' आमच्या हातात आहे तरी का. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा (आधी जुन्या दंडसंहितेत ३०४-अ होतं तेव्हा दोनच वर्षं), हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हाच नाही, फिर्याद सरकारची असते. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये वेगळा, त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, दुःखात बसून राहू नका, कोणाच्या घरी असं झालं असेल तर आधी ते बघा. तो पैसा घेतला म्हणजे जीव विकला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आईचं मात्र वेगळंच आहे. ती रोज तेर्सात (जपमाळेच्या प्रार्थनेत) त्या मुलाचं नाव घेऊन मागते की देवाने त्याला वाट दाखवावी, आणि कोर्टाची प्रत्येक तारीख पण तीच गाठते, पहिल्या बाकावर बसते, डबा घेऊन. मी विचारलं आई तू माफ केलंस ना मग जातेस कशाला, तर म्हणाली माफ मी केलंय, खरं काय झालं ते त्याने बोलायचं बाकी आहे. मला अजून माफ करता येत नाही, जमेल तेव्हा जमेल, पण तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं आणि तिच्यासारखं दोन्ही करता यावं असं फार वाटतं.

अंकलनी बाजू कोणाचीच घेतली नाही. मला फक्त एवढं सांगितलं की निकाल लागायच्या आधी दगडावर 'मारलं' कोरू नका, समोरचा वकील फोटो काढून कोर्टात दाखवेल. आणि आईला म्हणाले, "बाय, हांव सकयल जागो सोडटां, मागीर सांगात." म्हणजे मी खाली जागा सोडतो, नंतर सांगा. मग लादीवर नावं, जन्मतारखा, दोघांना मिळून मृत्यूची एकच तारीख, 'पुनरुत्थानाच्या आशेत' हे शब्द, आणि खाली दोन ओळींची जागा रिकामी. ओळ ठरली की सिमितेरीत येऊन जागेवरच कोरून देणार, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाले. आईने आणि मी दोघींनी हो म्हटलं.

काम एकदम स्वच्छ झालंय, अक्षरांच्या कडा कुठेही उडालेल्या नाहीत, अख्खा पावसाळा गेला तरी रंग तसाच. बसवायला स्वतः आले, लेव्हल लावून बघितलं, सिमेंट सांडलेलं पुसून गेले. पैसे बाजारापेक्षा थोडे जास्त, बिल मागितलं तर देतात, कार्ड चालत नाही. एकच तक्रार, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. ऑर्डर द्यायच्या आधी पॅरिश ऑफिसमधून लादीचं माप लिहून घ्या, आणि २ नोव्हेंबरसाठी (मृतांच्या स्मरणाच्या दिवसासाठी) हवी असेल तर चवथ (गणेश चतुर्थी) झाली की लगेच सांगा, ऑक्टोबरमध्ये ते नवीन काम घेत नाहीत.