दोन फटींचा प्रयोगसंच : तरंग पडद्यावर, कण मात्र पुस्तिकेत

पुंज भौतिकीतील (क्वांटम फिजिक्स) तरंग-कण द्वैत, म्हणजे प्रकाश व इलेक्ट्रॉन यांचे कधी तरंगासारखे तर कधी कणासारखे वागणे, नवशिक्यांना स्वतः प्रयोग करून समजावे, या हेतूने तयार केलेला हा संच मी दोन आठवडे वापरला. १ मिलिवॅटचा, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर, फटी कोरलेली काचपट्टी, पांढरा पडदा आणि माहितीपुस्तिका एवढेच साहित्य त्यात आहे.

काचपट्टी अत्यंत काटेकोरपणे बनवलेली आहे. फटींमधील अंतर ०.२५ मिलिमीटर असून, अंधारात पडदा २ मीटरवर ठेवला की उजेड-अंधाराचे पट्टे इतके रेखीव उमटतात की साध्या मोजपट्टीने त्यांतील अंतर मोजता येते. मला ते ५ मिलिमीटरांहून किंचित अधिक आढळले, गणिताने ५.२ येते. लेझर शेजारच्या एकेरी फटीवर सरकवताच हे बारीक पट्टे नाहीसे होतात आणि मघाशी जेथे अंधार होता तेथे उजेड येतो. एक वाट कमी केल्यावर प्रकाश नव्या जागी पोहोचतो, हे डोळ्यांनी पाहण्याचा आनंद मोठा आहे, आणि दोन फटींच्या प्रयोगाचे जनक थॉमस यंग यांनी प्रकाशाला तरंग का मानले हे त्या क्षणी उमगते.

माझा आक्षेप पुस्तिकेवर आहे. हेच पट्टे प्रकाशाचे कणरूपही सिद्ध करतात, असे ती सांगते, आणि ते बरोबर नाही. हा लेझर सेकंदाला सुमारे ३० कोटी कोटी (३ वर १५ शून्ये) फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडतो, म्हणजे २ मीटरांच्या वाटेवर एकाच वेळी दोन कोटींहून अधिक फोटॉन असतात. या झोतातून दिसणारे सारे काही तरंगसिद्धांताने पुरते समजावता येते. कणाची ओळख पटते ती एकेक कण सोडल्यावर. १९८९ मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन असे एकेक करून पाठवले, तेव्हा प्रत्येकाचा एकच ठिपका उमटला आणि हजारो ठिपके साचल्यावर त्यांतून पट्टे प्रकटले. द्वैताचे खरे आश्चर्य येथे आहे, आणि पुस्तिकेने त्याला जेमतेम एक ओळ दिली आहे.

‘आपण पाहिल्यामुळे इलेक्ट्रॉन वागणूक बदलतो’ हे तिचे वाक्यही दिशाभूल करणारे आहे. कण कोणत्या फटीतून गेला याची नोंद कुठल्याही उपकरणात वा परिसरात उरली, तरी पट्टे पुसले जातात. त्यासाठी माणसाची नजर लागत नाही.

लेझरचा आधार थोडा डळमळतो, तो जड पुस्तकाला टेकवावा. डोळ्यांच्या सुरक्षिततेची सूचना ठळक आहे, ती पाळावी. व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटणे) शिकवण्यासाठी हा संच मी निःशंकपणे सुचवीन. कणरूपाचा भाग मात्र शिक्षकांनी तोनोमुरांच्या प्रयोगातील ठिपक्यांची छायाचित्रे दाखवून स्वतःच शिकवावा.