जर्मन क्लासचा दीड वर्षाचा हिशोब: मॅडमना पाच स्टार, शनिवारच्या टेस्टला शून्य

दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की पुण्यात जर्मन कुठे शिकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण खाली एका सरांबद्दल तक्रार आहे आणि माणूस म्हणून ते खरंच चांगले आहेत. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. शनिवार-रविवार सकाळी साडेआठ ते बारा. फी एका लेव्हलला १८,०००, पुस्तकं वेगळी. मी चाकणला क्वालिटीमध्ये आहे, कंपनीचं हेड ऑफिस जर्मनीत, बी१ (ए१, ए२ नंतरची तिसरी लेव्हल) झालं तर तिकडे दोन वर्षं जायला मिळू शकतं, माझं कारण एवढंच. बॅचमध्ये अर्ध्याहून जास्त नर्सिंगच्या मुली, कारण २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मन क्लासना नुसता ऊत आलाय.

आधी सरांचं सांगते, ए१ ते घेतात. शिकवणं स्वच्छ, फळा बघण्यासारखा, तीन रंगांचे खडू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच त्यांनी तो प्रसिद्ध नियम शिकवला, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला आज, उद्या, पुण्यात असं काही आलं की क्रियापद दुसऱ्या नंबरवर आणि कर्ता त्याच्या मागे. ‘हॉयटं ट्रिंकं इश टे’, शब्दाला शब्द लावला तर ‘आज पिते मी चहा’. लेखी टेस्टमध्ये मला १० पैकी ९. आणि मग ब्रेकमध्ये खाली टपरीवर (तिथेही जर्मनच बोलायचं असा नियम) आम्ही सगळेच्या सगळे, ‘हॉयटं इश ट्रिंकं टे’. सर मागे उभे होते, हातातला कटिंग तसाच ठेवून म्हणाले, अरे तासापूर्वी लिहिलंत ना हे बरोबर! पुढच्या शनिवारी तोंडी टेस्ट, प्रत्येक चुकीला अर्धा मार्क कट, मला ४. घरी येऊन रडले होते मी, ३२ वर्षांची बाई. नवरा म्हणतो, तुला दहावीला संस्कृतात ९४ होते ना गं. तेच तर ना, देवो देवौ देवाः पाठ करून मार्क मिळतात, टपरीवर बोलता येत नाही.

हे असं पूर्ण ए१ चाललं आणि चार जणांनी क्लास सोडला. त्यातली एक आमच्यापेक्षा बरी बोलायची, पण तोंडी टेस्टच्या आदल्या रात्री तिच्या पोटात गोळा यायचा.

ए२ च्या मध्यात मॅडम आल्या. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही, एकेकाला समोर बसवून पाच मिनिटं बोलायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. म्हणाल्या, चुका मोजत नाहीये, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते बघतेय. मग फळ्यावर जिना काढला. खाली सुटे शब्द आणि पाठ केलेली वाक्यं. त्यावर साधं ‘मी पिते चहा’. त्यावर ‘आज’ पुढे आणायचं पण बाकी वाक्य हलवायचं नाही, म्हणजे आमचं टपरीवालं वाक्य. त्यावर क्रियापदाचे दोन तुकडे, ‘इश हाबं टे गेट्रुंकन’ म्हणजे ‘मी चहा प्यायलेय’, एक तुकडा (‘हाबं’) पुढे आणि एक पार शेवटी, मधे पुरण. त्याच्याही वर ते सरांचं ‘आज पिते मी’. आणि सगळ्यात वर ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद थेट शेवटी.

म्हणजे आमची ‘चूक’ ही तिसरी पायरी होती! मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मॅडमनी भाषाशास्त्रात एमए केलंय, त्यामुळे त्यांना सगळी कुंडली माहिती. १९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत वुपरटालला काही संशोधकांनी इटली, स्पेन, पोर्तुगालहून आलेल्या कामगारांचं जर्मन ऐकलं, ज्यांनी बरेचदा क्लासचं तोंडही पाहिलं नव्हतं, कामावर आणि दुकानात ऐकून शिकलेली माणसं. वेग प्रत्येकाचा वेगळा, कोणी मधेच थांबलेला, पण पायऱ्यांचा क्रम तोच. त्यातल्याच मानफ्रेड पीनेमान यांनी नंतर जर्मनीतल्या इटालियन मुलांना मुद्दाम ते ‘आज पिते मी’ शिकवून बघितलं, ते १९८४ ला छापून आलं. जी मुलं त्याच्या बरोब्बर खालच्या पायरीवर होती त्यांनी उचललं, जी दोन पायऱ्या खाली होती त्यांच्या बोलण्यात ते उतरलंच नाही, शिकवणं तेच असून. कारण असं सांगतात की बोलताना डोक्याला एका दमात किती सांभाळावं लागतं यावर ते आहे. वाक्याच्या टोकाला काही ठेवणं सोपं, आतल्या आत अदलाबदल अवघड, आणि हे मुख्य वाक्य की पोटवाक्य हे ओळखून क्रियापद हलवणं त्याहून अवघड.

आता गंमत बघा, आमच्या पुस्तकात ते ‘आज पिते मी’ तिसऱ्या धड्यात आणि दोन तुकडेवालं क्रियापद त्याच्या बरंच नंतर. डोक्याचा क्रम नेमका उलटा. सर बिचारे पुस्तकाप्रमाणे चालत होते.

मी शहाणपणा करून विचारलं, मॅडम, मराठीत क्रियापद शेवटीच असतं की, मग ‘वाइल’वालं आम्हाला फुकट यायला हवं? ‘कारण मी दमलेली आहे’, ‘वाइल इश म्यूडं बिन’, क्रम तोच. तरी सगळी बॅच ‘वाइल इश बिन म्यूडं’ म्हणत होती. का, तर आम्ही जर्मन मराठीतून शिकतच नव्हतो, मधे इंग्लिश बसलेलं, ‘बिकॉज आय ॲम’. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या यावर तर भांडणं झालीत. स्वीडिश भाषेत ते ‘आज पिते मी’ जर्मनसारखंच आहे, तरी स्वीडनमधली शाळेतली मुलं जर्मन शिकताना ‘आज मी पिते’ म्हणत होती. पीनेमान आणि मंडळींनी २००२ मध्ये सांगितलं की बघा, पायरी चुकत नाही, मातृभाषेत असलं तरी. नंतर दुसऱ्या एका बाईंनी उलट दाखवलं, की ज्या स्वीडिश माणसांना इंग्लिश येतच नव्हतं त्यांना हे पहिल्यापासून बरंच जमत होतं. मला बाई ही दुसरी बाजू जास्त पटते, आमच्या वर्गात सकाळ-संध्याकाळ तेच चाललेलं. मॅडमना तेवढी पटत नाही. यावर आमची एकदा चहाच्या दोन राउंड होईपर्यंत जुंपली होती.

एक जवळचं सांगते. माझ्या बाकावर केरळची एक नर्स बसायची, पुण्यात चार वर्षं. ती म्हणाली, मराठीचं माझं असंच झालं. आली तेव्हा ‘मला पाणी पाहिजे’ अगदी बरोबर म्हणायची, वॉर्डात ऐकून उचललेलं. वर्षभराने स्वतः वाक्यं जुळवायला लागली तर ‘मी पाणी पाहिजे’ सुरू झालं, पेशंट हसायचे, तिला वाटायचं मी मागे चाललेय. मागे नाही गं, तेव्हाच खरं व्याकरण सुरू झालं होतं. आज ती मावशींशी मराठीत भांडते, आणि जिंकते.

इंग्लिशचंही तसंच, ‘ही गोज’ मधला तो ‘ज’ आपण पाचवीपासून घोकतो आणि मीटिंगमध्ये मोठमोठे मॅनेजर ‘ही गो’ म्हणतात. तो शेवटचा ‘ज’ किंवा ‘स’ उशिरा बसणाऱ्यांतलाच, १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी मुलांचं इंग्लिश तपासलं तेव्हा दोघांचा क्रम जवळपास सारखाच निघाला होता.

पण म्हणून पाठांतर सोडा असं नाही हां. लिंग ही पायऱ्यांची भानगड नाही, ती घोकावीच लागतात. जर्मनमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं, म्हणून मी खूश होते, मग जेवणाचं टेबल आलं. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, ठीक. काटा मात्र तिकडे ती, ‘डी गाबल’, आणि आपली सुरी तिकडे नपुंसक, ‘दास मेसर’. मी स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, सासूबाई भाजी चिरताना मेसरला मेसरच म्हणायला लागल्या.

मॅडमच्याही तक्रारी आहेत. पोर्शन वेळेत संपत नाही, बी१ चे शेवटचे दोन धडे आम्ही घरीच केले. परीक्षेच्या पत्रलेखनाची तयारी कमी पडते, मेसेजला उत्तर दोन-दोन दिवसांनी. आणि ‘अजून तुमची पायरी नाही’ हे ऐकून काही जण आरामात बसले, हे मॅडमनी वेळीच ओळखायला हवं होतं. परीक्षेला पायरीबियरी कोणी विचारत नाही, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं चारही भागांत १०० पैकी ६० लागतात. मला लेखनात ६४, काठावर. बोलण्यात ८३. बोलताना एकदा ‘मॉर्गन इश’ (‘उद्या मी’) म्हणून अडकले आणि माझं मीच फिरवून ‘मॉर्गन फारं इश’ (‘उद्या जाते मी’) केलं, समोरच्या बाई काहीतरी लिहीत होत्या, बहुतेक मार्कच.

तर, ए१ ला सरांच्या बॅचला गेलात तर फळा मनापासून उतरवून घ्या, त्या नोट्स मी अजून वापरते, फक्त शनिवारच्या तोंडी टेस्टचे मार्क घरी सांगू नका. ए२ पासून मॅडमचीच बॅच मागा, ऑफिसमधल्या ताई ‘फुल आहे’ म्हणतील, दोनदा विचारलं की जागा होते. पत्रलेखनाचा सराव पहिल्या महिन्यापासून वेगळा करा. खिडकीजवळ बसू नका, खाली फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि ऐकण्याच्या टेस्टलाच त्यांचा कटर सुरू होतो.