इंजेक्शनची गाडी कार्बोरेटरवर घेताना पंप कोणता ठेवावा?

शेतावर, मातीत फिरवायला जुनी इंजेक्शनची (दाबाने पेट्रोल फवारणारी) जिप्सी कार्बोरेटरवर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीवर, घ्यायची ठरली की सगळी चर्चा कार्बोरेटर कुठला घ्यावा यावरच होते. टाकीतून पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा विषय शेवटी निघतो, आणि गाडी पेटण्याचा धोका तिथेच असतो. टाकीतला मूळ पंप साधारण ४० पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो. कार्बोरेटरला ३ ते ५ पुरतो. दाब जास्त झाला की फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी सुई) तो अडवू शकत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. (रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आधी तो विचार करा.)

पहिला मार्ग, मूळ पंप तसाच ठेवून दाब कमी करणारा रेग्युलेटर लावणे. पंप पेट्रोलात बुडालेला असल्याने थंड राहतो, ही मोठी जमेची बाजू. पण रेग्युलेटर रिटर्नवालाच, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवणारा, हवा आणि रिटर्नची नळी पुरेशी रुंद हवी, नाहीतर दाब उतरतच नाही. साधा, रिटर्न नसलेला रेग्युलेटर इथे अजिबात नको. आणि रेग्युलेटर बिघडला, तर सगळा दाब थेट कार्बोरेटरवर.

दुसरा, इंजिनवरचा मेकॅनिकल पंप. इंजिन थांबलं की तोही थांबतो, वायरिंगची कटकट नाही. मात्र तो बसवायला इंजिनच्या हेडवर जागा आणि तो हलवायला कॅमच्या फिरत्या दांड्यावर लोब (उंचवटा) लागतो. इंजेक्शनच्या इंजिनात बहुधा दोन्ही नसतात. शिवाय तो तापलेल्या इंजिनवर बसून लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढताना नळीतला दाब घटला की पेट्रोलची वाफ लवकर होते, ती नळीत अडकते आणि इंजिनला पेट्रोल पोचत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. अशा उन्हात कन्नडचा घाट चढताना जुन्या जीपवाल्यांनी बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरा, कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, टाकीजवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला. मी हाच घेईन. तो मागून पेट्रोल ढकलतो, त्यामुळे वाफ धरण्याची शक्यता कमी, आणि बिघडला तर गाडी बंद पडते, पेटत नाही. टाकीतला जुना पंप मात्र काढून तिथे जाळीसकट साधी नळी टाका. बंद पंपातून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. पंपाआधी फिल्टर घाला. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून इथेनॉलला टिकणारीच नळी घ्या.

पहिला घ्या की तिसरा, एक गोष्ट सोडू नका. इंजिन बंद पडलं की पंप बंद करण्याचं काम आधी ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा संगणक) करत होता. तो काढलात तर रिले (विजेचा स्विच) आणि इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की वीज तोडणारा ऑइल प्रेशर स्विच घालून ते काम तुम्हालाच करावं लागेल. थेट इग्निशनच्या वायरवर पंप जोडला, तर गाडी उलटल्यावरही चावी फिरवेपर्यंत तो पेट्रोल फेकत राहील. सगळं बसल्यावर कार्बोरेटरच्या तोंडाशी गेज लावून दाब बघा, इंजिन गार असताना आणि तापल्यावरही.