साडेआठ हजारांचं ‘ऑनलाइन बिझनेस पॅकेज’: पाचपैकी दोन स्टार

मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून मानेवाड्याला घरीच सावजी मसाला आणि मुगाचे पापड करतो. आधी नातेवाइकांत द्यायचो, मग शेजारपाजारचे मागायला लागले, मग इन्स्टावर फोटो टाकले तर पुण्याहून विचारणा यायला लागली. तेव्हा ठरवलं की उन्हाळ्यात माल करून ठेवायचा आणि जून 2025 पासून रीतसर विकायचा, तोपर्यंत सगळे कागद करून घ्यायचे. कोणीतरी एका ऑफिसचा नंबर दिला, 8,500 रुपयांत उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), शॉप अ‍ॅक्ट (दुकान-धंद्याची नोंद), फूड लायसन, जीएसटी सगळं काढून देतात आणि वरून लोगो फ्री. ऑफिसचं नाव लिहीत नाही, मला भांडण वाढवायचं नाही, पण असं पॅकेज विकणारे नागपुरात आता गल्लोगल्ली झाले म्हणून लिहून राहिले.

चांगलं आधी सांगते. माणसं गोड बोलतात आणि काम पटकन करतात, फेब्रुवारीत पैसे दिले आणि दोन आठवड्यांत सगळे पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आले. आम्हाला तर वाटलं झालं आपलं काम!

बिलात उद्यमचे 1,500, शॉप अ‍ॅक्टचे 1,500, फूडचे 2,000, जीएसटीचे 2,500 आणि कन्सल्टेशनचे 1,000 लावले होते. आता हे वाचा नीट. उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी पोर्टलवर फुकट आहे, 2020 च्या जुलैपासून फुकटच आहे, आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोडसुद्धा करावे लागत नाहीत, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त पत्ता ‘गव्ह डॉट इन’ ने संपतो का ते पाहजा, कारण तसल्याच दिसणाऱ्या पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत. जीएसटी नंबर काढायलाही सरकारी फी शून्य. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर आम्ही केलं तेव्हा, 2025 च्या सुरुवातीला, 2017 च्या कायद्यात 10 पेक्षा कमी कामगार असले की लायसन नव्हतंच, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती ठेवायची होती, आणि उद्यमसोबत हीच पावती बँकेत करंट अकाउंट उघडताना आमच्या कामी आली. फूडच्या बेसिक रजिस्ट्रेशनची फी वर्षाला 100 रुपये होती. म्हणजे 8,500 मधले सरकारकडे किती गेले याचा हिशेब तुम्हीच करा. मेहनतीचे पैसे घ्यावेत, त्याला माझी ना नाही, पण मग मेहनत बरोबर तरी करावी नं.

जूनमध्ये धरमपेठेतल्या एका कर सल्लागार ताईंकडे गेलो, तेही फक्त पापडाला आणि मसाल्याला जीएसटी किती लावायचा हे विचारायला. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, लॉगिन करा. मला पासवर्ड माहीतच नव्हता, कधी दिलाच नव्हता कोणी. ‘पासवर्ड विसरलात’ वर क्लिक केलं, ओटीपी गेला, मी हातात फोन धरून बसले, जाऊपण तिचा फोन पाहून राहिली, काहीच येईना. ताईंनी विचारलं, रजिस्ट्रेशन करताना मोबाईल नंबर कोणाचा टाकला होता? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नंबर त्या ऑफिसचा आणि ईमेलही त्यांचाच! माझा धंदा, माझा पॅन, माझी सही, आणि सरकारकडून येणारी प्रत्येक सूचना तिसऱ्याच्याच मोबाईलवर. त्या ऑफिसला फोन केला तर म्हणे, “मॅडम, सगळ्यांचं असंच असते, तुम्हाला त्रास नको म्हणून.” मग आधार, पॅन आणि सर्टिफिकेट घेऊन सिव्हिल लाइन्सला जीएसटी ऑफिसात दोन चकरा मारल्या तेव्हा माझा नंबर आणि ईमेल त्यात चढला. तिथल्या साहेबांनी समजून घेतलं, हे मुद्दाम सांगते.

लॉगिन उघडलं तर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तीन महिन्यांची रिटर्न, म्हणजे विक्रीचा आणि कराचा हिशेब, बाकी. आम्ही तर एक पाकीटही विकलं नव्हतं! पण जीएसटी नंबर मिळाला की विक्री शून्य असली तरी ‘निल’ रिटर्न भरावंच लागतं, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत, नाहीतर दिवसाला 20 रुपये लेट फी, एका रिटर्नला जास्तीत जास्त 500. तिन्ही 500 ला पोचली होती, 1,500 भरले. आणि निल रिटर्न साध्या एसएमएसनेही भरता येतं हो, हे एक वाक्य त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं असतं तर? कन्सल्टेशनचे हजार घेतले होते नं त्यांनी.

बरं, जीएसटी लागत होता का हाच मूळ प्रश्न. ऑफिसवाला म्हणाला होता की जीएसटीशिवाय ऑनलाइन विकताच येत नाही. ताईंनी उलगडून सांगितलं तेव्हा कळलं की वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, इन्स्टावर ऑर्डर घेऊन पुण्या-नाशिकला पाठवलं तरी नाही. मोठ्या शॉपिंग साइटवरून विकायचं झालं तरी ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात नंबराशिवाय, नुसती जीएसटी पोर्टलवर नोंद करून विकता येतं. पण मसाल्यावर 5 टक्के कर आहे, आणि करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर मात्र पहिल्या पाकिटापासून नंबर पाहिजे. पापडावर करच नाही, नुसते पापड विकले असते तर नंबराची गरजच नव्हती. आम्हाला हैदराबादला मसाला पाठवायचाच होता म्हणून आम्ही नंबर ठेवला. तुम्ही मात्र आधी माल कुठे जाणार ते ठरवा, मग नंबर काढा, कारण एकदा काढला की दर महिन्याचं काम गळ्यात पडते. कंपोझिशनचा, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेचा, विचार मीही केला होता, 1 टक्क्यात भागते म्हणून, पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो फूडच्या कागदाचा. 14 आकडी नंबर आला होता, आम्ही लगेच गांधीबागेतून 1,000 स्टिकर छापून आणले, सुंदर झाले होते. ताईंनी सर्टिफिकेट वाचलं आणि बोट ठेवलं. धंद्याचा प्रकार: रिटेलर. अहो, आम्ही मिरची भाजतो, खोबरं, खसखस, दगडफूल भाजतो, स्वतः कुटतो, आम्ही बनवणारे आहोत, दुकानदार नाही! पुन्हा ‘मॅन्युफॅक्चरर’ म्हणून नवा अर्ज केला, 5 वर्षांचे 500 रुपये भरले, यावेळी स्वतः बसून केला आणि काही कठीण नाही, स्वयंपाकघराचा पत्ता, मालाचा प्रकार, फोटो, ओळखपत्र. नंबर नवा आला म्हणजे ते हजार स्टिकर वाया.

नवं स्टिकर करताना कळलं की पहिल्यात बरंच काही राहिलंच होतं. पाकिटावर आमचं नाव-पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, बॅच नंबर, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, सगळे कर धरून एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरवं शाकाहारी चिन्ह, हे सगळं पाहिजे. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, एका ग्रॅमची किंमतपण लिहावी लागते. आमचं 200 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांचं, म्हणून खाली ‘0.60 रुपये प्रति ग्रॅम’ छापलं. घरच्या प्रिंटरवर आधी एक काढून डब्याला चिकटवून पाहिलं, अक्षर बारीक झालं होतं, मोठं केलं, मग छापायला दिलं.

फ्री लोगोत नावाच्या कोपऱ्यात गोलातलं ‘आर’ होतं. ते चिन्ह ट्रेडमार्क रजिस्टर झाल्यावरच लावता येते, आधी लावायला कायद्याने मनाई आहे, आणि आमचा तर अर्जही झाला नव्हता. ते काढलं. आता ट्रेडमार्कचा अर्ज केला, त्यात मालाचे वर्ग असतात, मसाल्याचा वर्ग 30, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन 4,500 रुपये एका वर्गाचे. हा खर्च मला पटला, कारण नाव आपलं राहिलं पाहिजे.

ताईंनी तासाचे 700 घेतले. वर्षाअखेरच्या इन्कम टॅक्सचंही त्याच तासात समजावलं, की यूपीआय-बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरून छोट्या धंद्याचं रिटर्न भरता येतं, म्हणून शक्यतो गिऱ्हाइकाकडून यूपीआयनेच घ्या आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा. साडेआठ हजारांत हे कोणीच सांगितलं नव्हतं.

पॅकेजवाल्या ऑफिसात स्टिकरचं बिल आणि लेट फीची पावती घेऊन गेले होते. बराच वेळ बसवलं, शेवटी कन्सल्टेशनचे 1,000 परत दिले, बाकीचे नाही. एक स्टार कागद वेळेत दिले त्याचा आणि एक त्या हजाराचा.