बूट आलेच नाहीत

माझ्या लेकीचं उजवं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. क्लबफूट. हजारात साधारण एका बाळाला असतं, आणि उपचारानं ते सरळ होतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचं, अशी साधारण ५ ते ७ प्लॅस्टरं. मग बहुतेक बाळांना टाचेमागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) एक छोटा छेद आणि ३ आठवड्यांचं शेवटचं प्लॅस्टर. पोन्सेटी पद्धत. एवढं सगळं ठाऊक असूनही मी फसले, म्हणून लिहिते आहे.

चौथ्या प्लॅस्टरच्या दिवशी ओपीडीबाहेर तो भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बोलण्यात माया. "ताई, बूट आमची संस्था देईल, तुम्ही फक्त बाळाकडे बघा." शेवटचं प्लॅस्टर निघालं की दांडीला जोडलेले दोन बूट लागतात. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, पुढे ४-५ वर्षांची होईपर्यंत झोपेत. त्या खर्चानं आमची झोप उडालेलीच होती. मी हो म्हटलं.

जुनं प्लॅस्टर नुकतंच काढलं होतं, कातडीला पांढरे कण चिकटलेले. डाव्या पायात पिवळा मोजा, अंगठ्याशी उसवलेला. त्यानं उघडं पाऊल उजेडाकडे धरायला लावलं. ती हसली तेव्हा मोबाइल खाली घेतला. ती रडेपर्यंत थांबला आणि मग फोटो काढले. तिथेच मी उठायला हवं होतं.

आधी नोंदणीचे पैसे, मग बुटांची अनामत, "परत मिळेल" म्हणून. दोन्ही वेळा एका माणसाच्या खासगी खात्यावर. पावतीवर नुसती सही, क्रमांक नाही.

शेवटचं प्लॅस्टर निघालं. "बूट कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. "उद्या येतायत," मी म्हणाले. ते उद्या ७ आठवडे चाललं. तिला आंघोळ घालताना तळवा हातात घेतला, तर टाच पुन्हा वर ओढल्यासारखी लागली. पैसे गेले ते गेले, पण ते ७ आठवडे आठवले की अजून छातीत कळ येते. नुसत्या प्लॅस्टरनं सरळ झालेलं पाऊल बुटांशिवाय बहुतेकदा परत फिरतं, आणि त्या माणसाला हे नक्की माहीत होतं.

त्याच सुमारास नणंदेनं एक मेसेज पाठवला. माझीच लेक, नाव दुसरं. "दोन्ही पाय निकामी, आज ऑपरेशन झालं नाही तर कापावे लागतील." खाली तोच खाते क्रमांक.

बूट कोणी देणार असेल तर शेवटच्या प्लॅस्टरच्या आधी ते डॉक्टरांच्या हातात पोहोचलेत का, हे बघा. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना विचारा. खऱ्या मदत करणाऱ्या संस्था त्यांना माहीत असतात. मी त्यांचं दार फार उशिरा ठोठावलं, आणि त्यांनीच बूट मिळवून दिले. आणि मदत पाठवणाऱ्यांनो, पैसे रुग्णालयात बाळाच्या नावावर भरा. क्लबफूटसाठी पाय कापायची घाई कोणी सांगत असेल, तर आधी त्या डॉक्टरांशी बोलायला मागा.

तिला पुन्हा ३ प्लॅस्टरं घालावी लागली. आता बूट आहेत, रात्री दांडी पाळण्याच्या कडेवर आपटते. तो फोटो अजून फिरतो आहे. उसवलेला पिवळा मोजा दिसला, तर कृपा करून पैसे पाठवू नका.