तेलविहिरीच्या रिगवरील लॉकिंग पिना : चार प्रकारांचे वापरावर आधारित परीक्षण

तेलविहीर खोदणाऱ्या रिगसाठी लॉकिंग पिना खरेदी करताना पहिला प्रश्न बहुधा ताकदीचा विचारला जातो : पोलाद कोणते, भार किती झेलेल. माझ्या मते या वस्तूची पारख तिथून सुरू करू नये. मास्टचे (रिगच्या उंच मनोऱ्याचे) दोन भाग जोडणारी किंवा एलिव्हेटरची (पाइप धरून उचलणाऱ्या पकडीची) बिजागरी धरणारी जाडजूड मुख्य पिन भार झेलते. लॉकिंग पिन त्या मुख्य पिनेच्या टोकाजवळच्या भोकातून आडवी जाते आणि मुख्य पिन सरकून बाहेर पडणार नाही एवढेच पाहते. मड (खोदकामाचा चिखलासारखा द्रव) ढकलणारा मड पंप, तो गाळणारा शेकर आणि फिरणारा ड्रिल पाइप यांच्या सततच्या कंपनाने कोणतीही मोकळी पिन हळूहळू सरकत राहते, म्हणून हे काम किरकोळ नाही. पण ती जागेवर टिकते का, टिकली आहे हे दुरून दिसते का आणि जाड हातमोजे घालूनही ती नीट बसवता येते का, हे तीन प्रश्न ताकदीच्या आधी विचारायला हवेत. लॉकिंग पिन वाकलेली किंवा कापली गेलेली आढळली, तर अधिक मजबूत पिन मागवण्याऐवजी मुख्य पिन तिच्यावर का दाबली जात होती हे शोधावे. भोक झिजून मोठे झालेले असते, वॉशर राहून गेलेला असतो किंवा जोड तिरका बसलेला असतो.

दुरून दिसण्याचा आग्रह मी का धरतो, हे आकड्यांतच पाहावे. जमिनीवरच्या मोठ्या रिगचा मास्ट साधारण ४३ मीटर उंच असतो. त्याच्या माथ्यावरून अर्ध्या किलोची पिन सुटली, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास खाली पोचताना तिचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो आणि तिची ऊर्जा सुमारे २१० जूल होते. ईएन ३९७ या युरोपीय मानकात हेल्मेटची आघातचाचणी ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकून, म्हणजे सुमारे ४९ जूल ऊर्जेने घेतात. रिगफ्लोअरवर (रिगच्या कामाच्या मंचावर) टाँग, म्हणजे पाइप आवळण्याचा मोठा पाना, ओढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जे हेल्मेट असते, त्याची चाचणी ज्या आघाताला झालेली आहे त्याच्या चौपटीहून अधिक आघात ही एक पिन करू शकते. शिवाय पडलेली वस्तू फ्लोअरवर न थांबता रोटरी टेबलच्या, म्हणजे मंचातल्या फिरत्या चकतीच्या, उघड्या तोंडातून विहिरीत गेली, तर चुंबक किंवा जंक बास्केट (तळाचे तुकडे गोळा करणारे साधन) उतरवून ती काढेपर्यंत खोदकाम थांबते. तशीच खाली राहिली, तर पीडीसी बिटचे (खोदणाऱ्या टोकाचे) कृत्रिम हिऱ्याचे कटर तिच्यावर आपटून तुटू शकतात.

आमच्या रिगवर स्प्लिट पिन, आर-क्लिप, लिंच पिन आणि बॉल लॉक पिन हे चारही प्रकार वापरात आहेत. स्प्लिट पिन ही यांतली सर्वांत साधी आणि मला सर्वांत भरवशाची वाटणारी वस्तू आहे. तिला स्प्रिंग नाही, बटण नाही, बिघडण्यासारखे काही नाही. भोकातून घालावी, दोन्ही पाय मुख्य पिनेच्या गोलाईवर विरुद्ध दिशांना वळवावेत, की पक्कड लावल्याशिवाय ती निघत नाही. आयएसओ १२३४ या मानकात तिचे नाममात्र माप म्हणजे ती ज्या भोकात जायची त्या भोकाचे माप असते. त्यामुळे ५ मिलिमीटरच्या पिनेची प्रत्यक्ष जाडी साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि व्हर्निअर लावून माल बारीक आला म्हणून परत पाठवणाऱ्या स्टोअरला हे आधी समजावून सांगावे लागते. उलट चूक अधिक वाईट : ५ च्या भोकात ४ ची पिन सहज जाते, पाय वळवल्यावर ठीकही दिसते, पण ती भोकात खुळखुळत राहते आणि कंपनाने मानेपाशी झिजत जाते.

या पिनेविषयी एक नियम मी कोणत्याही सबबीवर मोडू देत नाही. एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही. पाय वळवताना त्या वाकणाशी धातू कडक होतो, सरळ करताना आणखी कडक होतो आणि दुसऱ्यांदा वळवताना तिथे बारीक चीर पडते. जुनी पिन सरळ करून भिंगाखाली धरली, तर वाकणाच्या बाहेरच्या बाजूला आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. तिचा खरा तोटा एवढाच, की उंचीवर ती बसवताना एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात सुटी पिन असते, आणि नेमकी ती सुटी पिनच हातातून निसटू शकते. म्हणून मास्ट आडवा असताना, जमिनीवरूनच हे काम पुरे करावे.

आर-क्लिपबद्दल, म्हणजे इंग्रजी R सारख्या वाकवलेल्या स्प्रिंगच्या तारेबद्दल, माझे मत प्रतिकूल आहे आणि ते सौम्य करण्याचे कारण मला दिसत नाही. एका हाताने, क्षणात बसते, म्हणून ती सर्वांना आवडते. पण जी वस्तू अंगठ्याच्या दाबाने बसते ती लोंबणाऱ्या दोरीच्या किंवा होजच्या एका ओढीनेही निघते. खालून पाहताना पूर्ण बसलेली आणि अर्धवट अडकलेली क्लिप सारखीच दिसते. त्यात ती स्प्रिंगच्या पोलादाची असल्याने लेपनाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. कडक पोलादावर विद्युत पद्धतीने जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन धातूत शिरतो, आणि मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजून तो काढून टाकला नाही, तर ती वस्तू नंतर कधीतरी, फारसा भार नसतानाही, तडकू शकते. एका पुरवठादाराकडून आलेल्या क्लिपा बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी वाकणापाशी तुटलेल्या मिळाल्या, आणि भाजणीचा दाखला मागितल्यावर तो त्यांना देता आला नाही. तो सगळा लॉट परत गेला. पंपाच्या जाळीसारख्या, पडली तरी पायाशीच पडेल अशा जागांपलीकडे मी आर-क्लिप लावू देत नाही.

लिंच पिनेत जाड दांड्याला एक स्प्रिंगदार कडी असते; ती पलटून समोरच्या बाजूला बसते. हातमोजे घालून हाताळायला चौघींत हीच सर्वांत सोयीची आणि कडी बसली की नाही हे बऱ्याच अंतरावरून कळते. ज्या जोडण्या रिग हलवताना दर वेळी उघडाव्या लागतात, तिथे स्प्लिट पिनेला हा चांगला पर्याय आहे. खरेदी करताना कडी दोन बोटांनी उघडून सोडावी : ती ठसक्यात मिटली पाहिजे. सुस्तपणे मिटणारी कडी काही महिन्यांत उघडीच राहू लागते. बसवताना कडी अशा बाजूला ठेवावी की वरखाली होणारी दोरी किंवा होज तिच्यात अडकणार नाही. ही बारीकसारीक गोष्ट कॅटलॉगमध्ये लिहिलेली नसते, पण कामाच्या ठिकाणी तिला फार महत्त्व आहे.

बॉल लॉक पिन चौघींत महाग आणि दिसायला सर्वांत नेटकी. बटण दाबले की टोकाजवळच्या दोन गोळ्या आत जातात, सोडले की बाहेर येऊन पिन अडकवतात. कठडे, झाकणे, कॅटवॉकवरचे सुटे भाग अशा स्वच्छ आणि हाताशी असलेल्या जागी ती उत्तम काम देते. पण रिगफ्लोअरवरचा चिखल आणि पाइपच्या आट्यांना लावायचा डोप आतल्या दांडीपर्यंत पोचला, की बटण वर येते आणि गोळ्या मात्र आतच राहतात. वरून पाहणाऱ्याला पिन बंद वाटते. त्यामुळे ही पिन घातल्यावर ती हाताने जोरात ओढून पाहणे हा बसवण्याचाच भाग मानला पाहिजे. तिच्यात जाड ग्रीस भरू नये, कारण ग्रीसला वाळू चिकटते. सॉल्व्हंटने धुऊन हलके तेल द्यावे आणि दोन्ही गोळ्या सारख्या बाहेर येतात का ते पाहावे.

एलिव्हेटरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एकेक पाइप किंवा केसिंग (विहिरीच्या अस्तराचा नळ) उचलणाऱ्या सिंगल जॉइंट एलिव्हेटरला दार बंद केल्यावर घालायची पिन साखळीने जोडलेली येते आणि ती घातल्याशिवाय उचल सुरू करायची नसते. घाईच्या वेळी ही पिन साखळीला तशीच लोंबत राहते, कारण तिच्यावाचूनही दार मिटलेलेच दिसते. साखळी तुटून पिन हरवली, तर तिच्या जागी हाती लागेल तो बोल्ट किंवा वाकवलेली वेल्डिंगची काडी घालण्याचा मोह होतो. त्या जागी उत्पादकाने दिलेली, त्याच भाग-क्रमांकाची पिनच हवी. ती मिळेपर्यंत तो एलिव्हेटर बाजूला ठेवावा. उचलीच्या साधनांच्या निर्मितीसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचे मानक स्पेक ८सी आणि देखभालीसाठी एपीआय आरपी ८बी असताना अशा जागी अंदाजाने काम करण्याचे कारण उरत नाही.

वेल्डिंगच्या काडीचा विषय निघालाच आहे, तर मड पंपाच्या सुरक्षा झडपेतल्या शिअर पिनेचाही उल्लेख करतो, कारण स्टोअरमध्ये ती याच कप्प्यात येऊन पडते. लॉकिंग पिन टिकण्यासाठी असते, शिअर पिन ठरलेल्या दाबाला तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी जाड काडी किंवा कडक खिळा घातला की झडप उघडत नाही आणि दाब होजमधून किंवा पंपाच्या फ्लुइड एंडमधून (मड ढकलणाऱ्या भागातून) वाट काढतो. या दोन प्रकारांच्या पिना एकाच डब्यात ठेवू नयेत.

सुटी पडू नये म्हणून पिनेला जोडलेली तार बारकाईने पाहून घ्यावी. प्लास्टिकचे आवरण असलेली तार हाताला चांगली लागते, पण आवरणाखाली गंजलेले धागे दिसत नाहीत; समुद्रावरच्या रिगवर आणि खारे मड वापरले जाते तिथे मी उघडी स्टेनलेस तार घेतो. तार इतकी लांब नसावी की पिन निघाल्यावर ती एखाद्या फिरत्या भागात जाईल. आणि तार असली म्हणून पिन लॉक झाली असे धरू नये, तिचे काम पिन निघाल्यानंतर सुरू होते.

देखभालीत सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भोक. वर्षानुवर्षे पिना बदलल्या जातात, पण मुख्य पिनेतले भोक लांबट झाले आहे का हे कोणी मोजत नाही. भोकाच्या मापाची आणि त्याहून अर्धा मिलिमीटर जाड अशा दोन सळया जवळ ठेवल्या, की दुसरी आत जाते का एवढे पाहून निकाल लागतो. हातोड्याने ठोकून मुख्य पिनेचे डोके पसरलेले असेल, तर त्या कडा घासून काढाव्यात, नाहीतर त्यांचे तुकडे उडतात. रंगकाम करताना पिना झाकून ठेवाव्यात. रंगाचा थर पिनेला भोकात चिकटवतो आणि चीर लपवतो. पिनेचे डोके मात्र मास्टच्या रंगाहून अगदी वेगळ्या रंगात ठेवावे, म्हणजे ती नसली तर जमिनीवरून दुर्बिणीतूनही लगेच लक्षात येते.

लॉकिंग पिन हरवलेली असताना मुख्य पिनेला वेल्डिंगचा टाका मारून अडकवणे हा प्रकार मी पाहिलेल्या उपायांत सर्वांत घातक आहे. अशा पिना बहुधा ४१४० सारख्या मिश्र पोलादाच्या, उष्णतासंस्कार केलेल्या असतात. आधी तापवून न घेता मारलेल्या टाक्याखाली पोलाद झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनते आणि तिथून चीर भार झेलणाऱ्या भागात शिरते. असा टाका सापडला, तर तो घासून काढून पिन पुन्हा वापरू नये. ती भंगारात टाकावी.

तपासणीच्या वेळापत्रकासाठी आरपी ८बी मधल्या चार श्रेणींची चौकट पुरेशी स्पष्ट आहे : पहिलीत कामादरम्यानचे रोजचे निरीक्षण, दुसरीत गंज, विकृती, सैल किंवा गहाळ भाग यांची तपासणी, तिसरीत महत्त्वाच्या भागांची चुंबकीय कणांसारख्या पद्धतीने चाचणी आणि चौथीत साधन अधिक सुटे करून भार झेलणाऱ्या सर्व मुख्य भागांची चाचणी. मास्टसाठी एपीआय आरपी ४जी पाहावे. लॉकिंग पिना स्वतः अशा चाचणीला पाठवण्यात अर्थ नाही; शंका आली की बदलाव्यात. मात्र ड्रॉवर्क्सने (रिगच्या मोठ्या विंचने) मास्ट उभा करण्यापूर्वी प्रत्येक जोडाशी जाऊन, आणि अडकलेला पाइप सोडवण्यासाठी जार (पाइपला जोरदार धक्के देणारे साधन) चालवल्यानंतर मास्टवर चढून, एकेक पिन हाताने तपासलीच पाहिजे. जारचे धक्के बसून गेल्यावर काल घट्ट असलेली पिन आजही घट्ट असेल असे गृहीत धरता येत नाही.

खरेदीच्या दृष्टीने माझी शिफारस अशी : मास्टच्या कायम जोडांसाठी योग्य मापाच्या स्प्लिट पिना, प्रत्येक उभारणीला नव्या, वारंवार उघडणाऱ्या जोडांसाठी तारेसह लिंच पिना, त्यांच्या स्प्रिंगदार कड्यांच्या भाजणीच्या दाखल्यासकट, हाताशी असलेल्या स्वच्छ जागांसाठी बॉल लॉक पिना. एलिव्हेटर, टाँग आणि स्लिप (पाइपला मंचावर धरून ठेवणाऱ्या पाचरी) यांच्या पिना फक्त मूळ उत्पादकाकडूनच, आणि प्रत्येकीची एक जादा जोडी रिगवरच. मास्टवर जाणाऱ्या माणसाच्या पिशवीतल्या पिना मोजून द्याव्यात आणि खाली आल्यावर मोजून, जुन्या काढलेल्या पिनांसह, परत घ्याव्यात. हिशेब जुळेपर्यंत रिगफ्लोअरवर कोणालाही कामाला उभे करू नये.