'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' : अकरा महिन्यांनंतरचे मत, सबटायटलसह

गेल्या आठवड्यात हा गेम मी दुसऱ्यांदा संपवला आणि पहिल्या खेपेला त्याविषयी जे जे बोलले होते त्यातले निम्मे चुकीचे होते हे लक्षात आले, म्हणून हे लिहिते आहे. पहिल्या गेमचा नायक जोएल याचे पुढे काय होते हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी येथेच थांबावे.

सवलत लागेपर्यंत वाट पाहून मी हा गेम घेतला. सुरुवातीच्या दोनेक तासांतच ॲबी नावाची तरुणी जोएलला मारते, मग त्याला मुलीसारखी असलेल्या एलीच्या हातून सिएटलमधले तीन दिवस सूडाचा पाठलाग चालतो, आणि नाट्यगृहात अखेर एली आणि ॲबी समोरासमोर येतात त्याच क्षणी गेम एलीला आपल्याकडून काढून घेतो व जिचा आपल्याला संताप आहे त्या ॲबीला आपल्या हाती देऊन तेच तीन दिवस पहिल्यापासून खेळायला लावतो. मी तिथेच कंट्रोलर खाली ठेवला तो तब्बल तीन महिने उचलला नाही. त्या काळात जो विचारेल त्याला मी 'घेऊ नका' असेच सांगितले. पैसे मोजून घेतलेली वस्तू अर्धवट टाकणे मला जमत नाही, एवढ्या एकाच कारणाने तो पुन्हा सुरू करून संपवला. कथेची ओढ म्हणाल तर तेव्हा अजिबात नव्हती.

दुसऱ्यांदा पहिल्यापासून खेळताना मी एक सेटिंग बदलली. पहिल्या खेपेला सबटायटल फक्त कथेच्या प्रसंगांपुरती ठेवली होती. या वेळी चकमकींतील बोलणेही दिसेल असा पर्याय निवडला, बोलणाऱ्याचे नाव दाखवण्याची सोय चालू केली, अक्षरे सर्वांत मोठी केली आणि मागे गडद पट्टी घेतली. बोलणारा पडद्याबाहेर असेल तर तो कोणत्या दिशेला आहे हे दाखवणारा छोटा बाणही येथे मिळतो. या गेममध्ये सुलभतेसाठी, म्हणजे पाहण्या-ऐकण्याच्या किंवा हालचालीच्या अडचणी असलेल्यांनाही खेळता यावे म्हणून, साठहून अधिक सेटिंग आहेत. गोळीबाराच्या गदारोळात इंग्रजी संवाद माझ्या कानाला नीट कळत नाहीत, म्हणून मी केलेली ही साधी सोय होती. तिने माझ्यासाठी सगळा गेमच बदलला.

कारण येथील शत्रूंना नावे आहेत. गवतात लपून आपण ज्या पहारेकऱ्याची वाट पाहतो, त्याला त्याचा सोबती नावाने हाक मारतो, आणि तो पडला की तेच नाव घेऊन आक्रोश करतो. कुत्र्यांनासुद्धा नावे आहेत. एलीच्या हातून, आपण बटण दाबल्यावरच, ॲलिस नावाची कुत्री मरते. पुढे ॲबीच्या बाजूने खेळताना तीच ॲलिस आपल्यासोबत चालत असते. पहिल्या वेळी हे सारे माझ्या कानांवर नुसता गलका म्हणून पडले होते, दुसऱ्या वेळी मी ते वाचले. नाव एकदा वाचले की ते डोळ्यांआड करता येत नाही. पुढच्या वळणावर तोच गट दिसला तेव्हा बंदूक न चालवता बाजूने सरपटत निघून जाता येते का, हे मी पाहू लागले, आणि बऱ्याच ठिकाणी ते जमते. एका सेटिंगला मी फार महत्त्व देते आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ॲबीचा उत्तरार्ध ज्या पायावर उभा आहे तो पाया पूर्वार्धात ही नावेच घालतात.

समीक्षकांकडून हे मला कळायला हवे होते. गेम १९ जून २०२० रोजी आला आणि समीक्षा त्याच्या एक आठवडा आधी, १२ जूनला, प्रसिद्ध झाल्या. उत्तरार्धाविषयी न बोलण्याची अट त्यांच्यावर होती, म्हणजे ज्या भागामुळे हा गेम सरळ सूडकथेपेक्षा वेगळा ठरतो त्याच भागाविषयी मौन पाळून त्यांना मत द्यावे लागले. समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांची सरासरी १०० पैकी ९३ आहे, आणि ती वाचून मला खरेदीपलीकडे काहीही ठरवता आले नाही. खेळाडूंची बाजू याहून वाईट होती. एप्रिलमध्येच काही दृश्ये फुटली होती, आणि पंचवीस तासांच्या आसपास चालणाऱ्या या गेमला प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी शेकड्यांनी शून्य गुण पडले. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, ही गोष्ट आजही मला लाजिरवाणी वाटते. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने वापरकर्त्यांच्या गुणांसाठी प्रदर्शनानंतर ३६ तास थांबण्याचा नियम केला. तो योग्य आहे. पण माझे मत बदलायला तीन महिन्यांचा खंड लागला, आणि तेवढा अवधी कोणत्याही समीक्षकाला मिळत नाही.

द गेम अवॉर्ड्समध्ये २०२० साली याला वर्षातील सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी सुरू झालेला सुलभतेचा पुरस्कारही मिळाला. मी वाचलेल्या समीक्षांत हे दोन गुण दोन वेगळ्या रकान्यांत होते. सबटायटलमुळे कथाच निराळी कळते, असे कोणी लिहिलेले मला आढळले नाही.

या गेमवर बेतलेल्या एचबीओच्या मालिकेचा दुसरा सीझन १३ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला तेव्हा मी दुसऱ्यांदा खेळायला बसले होते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले. पहिल्या सीझनचे मला मनापासून कौतुक आहे. बिल आणि फ्रँक यांचा तिसरा भाग गेममध्ये नसलेले आयुष्य उभे करतो आणि तो बदल मालिकेला शोभतो. दुसऱ्या सीझनने मात्र ॲबीच्या सूडाचे कारण पहिल्याच भागात सांगून टाकले. प्रेक्षकाच्या हाती कंट्रोलर नसतो आणि उत्तरासाठी त्याला फार काळ थांबवावे लागले असते, ही मालिकाकर्त्यांची भूमिका मला समजते. तरीही कारण आधी कळल्यामुळे तो संताप मला खऱ्या अर्थाने आलाच नाही, आणि जो आलाच नाही तो सोडायचा तरी कसा? जुलै २०२५ मध्ये गेममध्येही घटना कालक्रमानुसार खेळण्याची सोय विनामूल्य आली. मी ती आठ तास वापरली आणि बंद केली. ज्यांनी मूळ क्रमाने गेम पूर्ण केला नसेल त्यांनी तिच्यापासून सुरुवात करू नये.

दोष आहेतच. शेवटाकडचा, शेतघरानंतरचा सांता बार्बराचा भाग मला दोन्ही वेळा लांबलेला वाटला, आणि कपाटे-खण उघडून साहित्य गोळा करण्याचा दहाव्या तासानंतर कंटाळा येतो.

मालिका मी ज्या ॲपवर पाहते तिथे सबटायटल संवादाच्या दीड-दोन सेकंद मागे येतात आणि त्यांत बोलणाऱ्याचे नाव क्वचितच असते. मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा ॲप काढून पुन्हा घाला एवढेच उत्तर आले, आणि तसे करूनही फरक पडलेला नाही. तिसरा सीझन येण्यापूर्वी तिसऱ्यांदा तक्रार करणार आहे, कारण तो ॲबीच्या बाजूचा असेल, आणि पडद्याच्या कडेला कोण कोणाला हाक मारते आहे हे मला वाचायचे आहे.